नाकारलेली गोधडी

मासिकाच्या कचेरीतून लेखकांकडे जी पत्रे जातात, त्यांत दोनच शब्दांचे एक पत्र फार जुने आणि फार नावडते आहे. ते म्हणजे 'साभार परत'. त्यातील पहिला शब्द सौजन्याने लिहिलेला असतो आणि दुसरा खरा असतो. हे पत्र आम्ही आयुष्यात पुष्कळ वेळा घेतले आहे व त्याहून अधिक वेळा धाडले आहे. त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजू आम्हांस परिचित आहेत, असे म्हटल्यास आत्मस्तुतीचा दोष लागू नये. या पत्राविषयी काही लिहावे असे बरेच दिवस मनात होते. परंतु साहित्याच्या क्षेत्रातच राहून या विषयावर लिहावयाचे, म्हणजे संपादकाने आपलीच वकिली केल्यासारखे अथवा लेखकाने आपलेच रडगाणे गाइल्यासारखे होते. म्हणून ज्या व्यवसायात आम्ही ना वादी आहोत ना प्रतिवादी, अशा एका दूरच्या व्यवसायाचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे. तो व्यवसाय अमेरिकेतील गोधड्यांचा. आणि प्रश्न असा की, प्रदर्शनाच्या निवड-मंडळाने गोधडी नाकारली, म्हणजे ती शिवणाऱ्या बाईने त्या नकाराचा अर्थ काय करावा?

'गोधडी' हा शब्द आम्ही सोयीसाठी वापरीत आहो. तिकडे तिला क्विल्ट म्हणतात. वर तुकडे जोडून केलेला थर, मध्ये कापूस, खाली अस्तर, आणि तिन्ही थरांतून आरपार जाणारा धावदोरा, असे तिचे स्वरूप असते. जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर घालून आपल्या आयाबायांनी जी गोधडी किंवा वाकळ शिवली, तिची ही परदेशातील बहीण होय. दोघींचा जन्म थंडीतून आणि काटकसरीतून झाला. फरक पडला तो पुढील आयुष्यात. आपली गोधडी बहुतांशी घरातच राहिली. क्विल्ट मात्र एकोणिसाव्या शतकातच गावोगावच्या शेतकी जत्रांत, मुरंब्याच्या बरण्या आणि पोसलेली जनावरे यांच्या शेजारी, बक्षिसासाठी जाऊन बसली. पुढे १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या क्विल्ट चित्रांप्रमाणे भिंतीवर टांगल्या. १९८४ साली केंटकी राज्यातील पडुका या गावी गोधडीकारांची एक मोठी संस्था निघाली, पुढल्या वर्षापासून तिची प्रदर्शने सुरू झाली, आणि १९९१ साली त्याच गावी गोधड्यांचे स्वतंत्र संग्रहालय उभे राहिले. ज्या वस्तूला पलंगाखेरीज दुसरी जागा ठाऊक नव्हती तिला येणेप्रमाणे भिंत मिळाली, आणि भिंत आली तेथे दारही आले व दारावर पहारेकरीही आला.

या प्रदर्शनांत निवड आणि परीक्षण अशा दोन निरनिराळ्या पायऱ्या असतात, व त्यांची गल्लत केल्यामुळे पुष्कळ दुःख विनाकारण वाढते. परीक्षण होते ते दालनात, प्रत्यक्ष गोधडीसमोर. टाके सारख्या लांबीचे आहेत की नाहीत, कोपरे काटकोनात आहेत की नाहीत, काठाचा गोट आतून भरलेला आहे की पोकळ, त्रिकोणांची टोके शिवणीत कापली गेली आहेत काय, टांगल्यावर गोधडी सरळ लोंबते की लाटा धरते, हे सारे पाहून तेथे फिती वाटल्या जातात. निवड मात्र त्याच्या पुष्कळ आधी होते, आणि ती बहुधा गोधडी पाहून होत नाही, तिचे छायाचित्र पाहून होते. पूर्वी स्लाइड पाठवीत, आता संगणकावर चित्रे पाठवितात : एक संपूर्ण गोधडीचे, एक तिच्या एखाद्या भागाचे. नाव बहुधा झाकलेले असते. दोन-तीन परीक्षक शेकडो चित्रे एकामागून एक पाहतात. पहिल्या फेरीत प्रत्येकाच्या वाट्याला काही क्षणच येतात. मग 'होय', 'नाही' आणि 'पाहू' असे जणू तीन ढीग होतात, व खरा वाद होतो तो तिसऱ्या ढिगावर. शेवटी भिंतीची लांबी मोजली जाते. ओहायो राज्यातील अथेन्स गावी १९७९ पासून दर दोन वर्षांनी भरणारे 'क्विल्ट नॅशनल' हे या जातीचे फार नावाजलेले प्रदर्शन. तेथे शेकडो प्रवेशिकांतून साधारणतः ८०-९० च्या आसपास कलाकृती घेतल्या जातात. बाकीच्यांस पत्र जाते. प्रवेशिका पुष्कळ आल्या, त्यांचा दर्जा उच्च होता, निवड करणे अवघड गेले, एवढे त्यात बहुधा असते. आपलीच का नको झाली हे जाणण्यासाठी ती बाई पत्र उघडते, आणि तेवढेच त्यात नसते.

हा नकार लहानसहान समजू नये. हाताने शिवलेल्या मोठ्या गोधडीस वर्ष सहज लागते. कधी तिच्यात आईचे लुगडे, तर कधी लेकराचा झगा असावा तसे घरातलेच कापड असते. शिवाय नाकारलेली कविता खणात मावते. नाकारलेली गोधडी पलंगभर पसरते आणि रोज दिसते. पत्र आल्यावर कित्येक दिवस सुईला हात न लावणाऱ्या बायका आहेत, आणि पुन्हा म्हणून काही न धाडणाऱ्याही आहेत. अशा बायकांच्या सांत्वनार्थ त्या देशात पुष्कळ लिहिले व बोलले जाते. आमचा वाद आहे तो या सांत्वनाशी. त्याचे मुख्य प्रकार चार आहेत. ते एकेक करून तपासू.

पहिले सांत्वन असे की, परीक्षकांचा निर्णय म्हणजे त्यांची वैयक्तिक रुची होय. आज हे परीक्षक होते, उद्या दुसरे असते तर निर्णय दुसरा झाला असता. यात तथ्य आहे. एका प्रदर्शनातून परतलेली गोधडी दुसरीकडे फीत घेऊन येते, हा त्या व्यवसायातील नेहमीचा अनुभव आहे. परंतु हे सांत्वन स्वीकारणारीने त्याची पूर्ण किंमत मोजावयास हवी. नकार ही केवळ लहर असेल तर स्वीकार हीही लहरच ठरते. फीत मिळाली की ती गुणाची पावती, आणि न मिळाली की तो परीक्षकाच्या डोळ्यांचा दोष, असा जमाखर्च कोणत्याही वहीत बसत नाही. ज्या बाईने गेल्या वर्षीची फीत भिंतीवर लावली आहे, तिला या वर्षीच्या पत्राची 'रुची' म्हणून बोळवण करता येणार नाही.

दुसरे सांत्वन थोरांच्या उदाहरणांचे. पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनाने १८६३ साली सुमारे ५,००० कलाकृतींपैकी निम्म्याहून अधिक नाकारल्या, तेव्हा एवढा गवगवा झाला की तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचे निराळे प्रदर्शन भरविण्याचा हुकूम दिला. त्यात माने या चित्रकाराचे जे चित्र लोकांनी हसण्यावारी नेले, ते आज फ्रान्सचे भूषण मानले जाते. ही गोष्ट खरी आहे व ऐकावयास गोड आहे. पण तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यातील विद्यार्थ्यासही तिच्यातील खोट दिसेल. थोर ते नाकारले गेले, यावरून नाकारले गेले ते थोर, असे होत नाही. त्याच प्रदर्शनात मानेच्या शेजारी शेकडो चित्रे टांगली होती, आणि त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणी घेत नाही. हे सांत्वन बाईला धीर देत नाही, तिला लॉटरीचे तिकीट देते.

तिसरे सांत्वन स्वान्तःसुखाचे. शिवावे ते स्वतःसाठी, जगाची पर्वा कशाला, असे ते सांगते. हे ऐकले की आम्हांस द्राक्षांस आंबट म्हणणाऱ्या कोल्ह्याची आठवण होते. जिला केवळ स्वतःसाठी शिवावयाचे होते तिने छायाचित्र काढले नसते, प्रवेशशुल्क भरले नसते आणि पत्राची वाट पाहिली नसती. आपले काम कोणीतरी पाहावे ही इच्छा हलकी आहे असे आम्हांस वाटत नाही. पांघरुणाला नक्षीची गरज नसते. ज्या बाईने पहिल्याने चिंध्यांचे रंग लावून पाहिले, तिच्या मनात पाहणाऱ्याचा डोळा तेव्हाच आला होता. ती इच्छा नाकारून दुःख शमवावयाचे म्हणजे डोकेदुखीवर डोके कापण्याचा उपाय झाला.

चौथे सांत्वन मन निबर करण्याचे. दहा नकार पचवा, वीस पचवा, मग काही वाटेनासे होईल. आपल्या भाषेत गेंड्याच्या कातडीची उपमा कोणाला देतात हे वाचकांस ठाऊक आहे. ती स्तुती नव्हे. गोधडी शिवणारीला तर हा उपदेश मुळीच लागू पडत नाही. ती वरच्या हाताच्या बोटात अंगुस्तान घालते, कारण त्या बोटाने सुई ढकलावयाची असते. पण चौकटीखालचे बोट पुष्कळ जणी उघडेच ठेवतात. सुईचे टोक तिन्ही थर ओलांडून खाली आले की नाही हे त्या बोटालाच कळावयाचे असते, आणि प्रत्येक टाक्याला ते थोडे टोचून घेते. तेही निबर केले तर टाका चुकतो. बोटाची जी गोष्ट तीच मनाची.

ही चारही सांत्वने अपुरी पडतात याचे कारण आमच्या मते एकच आहे. निवड-मंडळाचा नकार हे आपल्या कामावरील मत आहे, हे गृहीत ती सर्व जण धरून चालतात आणि मग त्या मताला खोटे, मूर्ख, क्षुल्लक अथवा सोसण्याजोगे ठरवू पाहतात. मूळ गृहीताकडे कोणी वळत नाही. ते तपासून पाहण्यासाठी या व्यवसायाच्या इतिहासातील एक मोठा खटला आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

१९३३ साली शिकागो येथे 'शतकाची प्रगती' या नावाचे जागतिक प्रदर्शन भरले. त्या निमित्ताने सीअर्स या व्यापारी कंपनीने गोधड्यांची राष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली. काळ महामंदीचा. पहिले बक्षीस १,००० डॉलरांचे, म्हणजे त्या काळच्या सामान्य कुटुंबाच्या वर्षाच्या कमाईच्या तोडीचे. आणि पहिली आलेली गोधडी प्रदर्शनाच्या विषयावर, म्हणजे शतकाच्या प्रगतीवर, रचलेली असली तर वर २०० डॉलर. मुदत काही महिन्यांचीच, तरीही सुमारे २४,००० गोधड्या आल्या. पुष्कळ बायकांनी तो विषय मनावर घेतला. त्यांनी कापडात आगगाड्या, विमाने व उंच इमारती कापून बसविल्या, आणि पूर्वी कोणी न केलेले नमुने स्वतः रचले. आधी गावोगाव, मग विभागवार आणि शेवटी शिकागोस अशी चाळणी होत गेली. परीक्षकांचे डोळे जुन्या नमुन्यांना व बारीक टाक्यांना सरावलेले होते. पहिले बक्षीस केंटकीतून आलेल्या एका पारंपरिक ताऱ्यांच्या गोधडीस मिळाले. विषय मनावर घेणाऱ्यांपैकी बहुतेकींच्या पदरी फारसे काही पडले नाही. ती विजयी गोधडी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी श्रीमती रूझवेल्ट यांस भेट देण्यात आली.

पुढची हकीकत कळावयास दशके लागली. जिच्या नावे ते बक्षीस गेले, तिने त्या गोधडीत स्वतः टाका घातलेला नव्हता. ती दुसऱ्या बायकांकडून मोलाने शिवून घेतलेली होती. त्या बायकांस बक्षिसातला वाटा मिळाला नाही, आणि मंदीच्या दिवसांत हातचे काम जाईल या भीतीने त्यांनी तोंड उघडले नाही. बार्बरा ब्रॅकमन आणि मेरीके वाल्डवोगेल या दोघी संशोधिकांनी त्या स्पर्धेच्या गोधड्या धुंडाळून १९९३ साली पुस्तक लिहिले, तेव्हा हे सारे एकत्र वाचावयास मिळाले. विजयी गोधडीचा पत्ता आज लागत नाही. आणि परीक्षकांनी बाजूस सारलेल्या आगगाड्या व विमाने घरोघरच्या पेट्यांतून बाहेर निघाली, व त्या वर्षाची अमेरिका कोणत्या आशेवर जगत होती हे पाहावयाचे तर लोक त्यांच्याचकडे वळतात.

या हकीकतीतून परीक्षक लबाड होते असा अर्थ आम्ही काढीत नाही. ते बहुधा प्रामाणिक होते. त्यांस उत्तम शिवण शोधावयाची होती व ती त्यांनी शोधली. विषयावर गोधडी रचणाऱ्या बायका मात्र निराळ्याच प्रश्नाचे उत्तर देत होत्या. आम्हांस सांगावयाचे ते हेच. निवड-मंडळ गोधडीला 'तू काय आहेस' असे विचारीत नाही. 'आम्हांस जे हवे आहे ते तूच काय' एवढेच विचारते. आणि 'जे हवे आहे' यात त्या वर्षाचा हेतू, भिंतीची लांबी, शेजारी टांगावयाची गोधडी, छायाचित्रातील प्रकाश आणि परीक्षकांच्या डोळ्यांची सवय, इतक्या गोष्टी असतात.

प्रश्न बदलला की उत्तर कसे बदलते, याची साक्ष अलाबामातील जीज बेंड हे गाव देते. नदीच्या वळणात अडकलेल्या त्या खेड्यात गुलामांच्या वंशजांची वस्ती. तेथील बायका विटलेल्या विजारी, कामाचे सदरे, पोती यांच्या तुकड्यांतून पांघरुणे शिवीत. रेघा वाकड्या, चौकोन तिरके, काठ असमान. कोपऱ्याला काटकोन लावून पाहणाऱ्या परीक्षकापुढे त्या गोधड्यांचा निभाव लागला नसता, असे मानण्यास हरकत नाही. त्याच गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात व नंतर व्हिटनीत टांगल्या गेल्या, आणि २००६ साली त्यांची चित्रे अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली. त्यांचा एक टाकाही मधल्या काळात बदलला नव्हता. पण येथेही दुसऱ्या सांत्वनाचा मोह टाळला पाहिजे. प्रत्येक वाकडी गोधडी जीज बेंडची नसते. काही गोधड्या केवळ वाकड्या असतात.

कोणी म्हणेल, जुने दार बंद असेल तर नवे दार काढावे. तेही झाले आहे. ज्या 'क्विल्ट नॅशनल'चा उल्लेख वर आला, ते नॅन्सी क्रो आणि तिच्या दोन सहकारिणींनी याचसाठी काढले की, स्वतःच्या कल्पनेने रचलेल्या नव्या गोधड्यांस जुन्या वळणाच्या प्रदर्शनांत जागा मिळत नव्हती. जागा मिळाली तीही मोठी सूचक होती. एका मनोरुग्णालयाचा जुना गोठा १९७७ साली पाडावयाचा होता. तो गावातील कलाप्रेमी माणसांनी वाचविला व त्यात हे प्रदर्शन भरू लागले. नाकारलेल्या वस्तूंस नाकारलेली वास्तू मिळाली. पण आज त्या गोठ्याच्या दाराशीही रांग असते आणि तेथूनही दर वेळी शेकडो प्रवेशिका परत जातात. याबद्दल आम्ही त्या संस्थेस दोष देत नाही. भिंत आहे तोवर कोणीतरी बाहेर राहणारच. नवे दार काढणे हा चांगला उद्योग आहे, परंतु नकाराचा अर्थ लावण्याचे काम त्याने संपत नाही.

मग शिवणारीस हवे असते ते काय ? आमच्या मते तिला टीका हवी असते. हा शब्द आम्ही त्याच्या जुन्या अर्थाने वापरीत आहो. आज टीका म्हटले की दोष काढणे असे समजतात. पण गीतेवरील ज्ञानेश्वरी हीही टीकाच होय. मूळ ग्रंथापुढे बसावे, तो शब्दाशब्दाने वाचावा, त्यात काय आहे हे उलगडून सांगावे, हे टीकेचे काम. निवड तीन क्षणांत होते. टीकेला वेळ लागतो. निवडीला कारणे द्यावी लागत नाहीत. टीका म्हणजे कारणेच. म्हणून निवड ही टीका नव्हे, आणि नकारही टीका नव्हे. नकाराच्या पत्रात टीका शोधणारी बाई कोऱ्या कागदावर अक्षरे शोधते; आणि ती सापडली नाहीत म्हणजे स्वतःच्या मनातील सर्वांत वाईट अक्षरे तेथे लिहून मोकळी होते.

टीका कशी असते याचे उदाहरण गोधडीच्याच इतिहासात आहे. हॅरिएट पॉवर्स ही १८३७ साली गुलामगिरीत जन्मलेली कृष्णवर्णीय बाई. तिने कापडाचे आकार कापून अकरा चौकटींत बायबलातील प्रसंग मांडले. जॉर्जियातील अथेन्स गावी (ओहायोतील अथेन्स वेगळे) १८८६ साली कापसाची जत्रा भरली असता ही गोधडी जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला-शिक्षिकेने पाहिली व विकत मागितली. हॅरिएटने नकार दिला. पुढे दिवस फिरले तेव्हा तिने ती स्वतःच विकावयास काढली. १० डॉलर मागितले, ५ मिळाले. या सौद्यात थोरपणा काही नाही. थोरपणा आहे तो यात की, जेनी स्मिथने हॅरिएटला प्रत्येक चौकटीचा अर्थ विचारला आणि तिने जो सांगितला तो लिहून ठेवला. हॅरिएट पुढे कित्येकदा आपली गोधडी पाहावयास त्या घरी येत असे. ती गोधडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आणि तिच्यापुढे उभे राहणाऱ्यास जे कळते त्यातील पुष्कळसे त्या टिपणामुळे कळते. त्या गोधडीला एक वाचक मिळाला होता, आणि तो कोणत्याही फितीहून अधिक टिकला.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या व्यवसायात आम्ही ना वादी ना प्रतिवादी, असे आरंभी म्हटले ते सर्वांशी खरे नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याकडील एका जिल्ह्याच्या गावी हस्तकलांचे प्रदर्शन भरले होते, आणि गोधड्यांच्या निवडीसाठी जे तिघे बसविले होते त्यांत आम्ही होतो. गोधड्या साठ-पासष्ट आल्या होत्या. भिंत चौदांची होती. दुपारच्या चहापर्यंत आमचे काम उरकले. संध्याकाळी एक म्हातारी आपली गोधडी न्यावयास आली. तिच्या हातात आमच्याच मंडळाचा छापील कागद होता : 'आपली कलाकृती निवडीस पात्र ठरली नाही.'

"साहेब, यात चुकलं काय, तेवढं सांगा," ती म्हणाली.

आम्ही म्हणालो, "चुकलं काही नाही, आजी. भिंतीवर जागा नव्हती."

"मग तसं का नाही लिहिलं ? नातवानं वाचून दाखवलं मला. पात्र नाही म्हणून."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिने गोधडी जमिनीवर पसरली आणि घडी घालावयास घेतली, आणि त्या वेळी आम्ही ती गोधडी प्रथम पाहिली. मध्यभागी निळ्या लुगड्याचा एक तुकडा होता. तो एके ठिकाणी विरला होता. त्या विरलेल्या जागेवर तिने ठिगळ दिले नव्हते; धावदोऱ्याच्या ओळी तेथवर येऊन वळल्या होत्या आणि त्या जागेला वळसा घालून पुढे गेल्या होत्या, ओढ्याचे पाणी दगडाला वळसा घालते तशा. ते लुगडे कोणाचे, ती जागा कशाने विरली आणि दोऱ्याने तिला का चुकविले, हे विचारावयास हवे होते. विचारण्यापूर्वी घडी झाली होती. ती गोधडी निवडावयास हवी होती असे आम्ही आजही म्हणत नाही. भिंतीवरच्या चौदा गोधड्या चांगल्या होत्या. ती पाहावयास हवी होती, एवढेच म्हणतो. 'पात्र' हा शब्द वापरण्याचा अधिकार, न पाहता, आम्हांस नव्हता.

तेव्हा शिवणाऱ्या बायांस आमचे सांगणे थोडक्यात असे. पत्र आले त्या दिवशी कात्री हाती घेऊ नये. उसवण्याचे काम उद्याही होते. नंतर आपण कोणत्या प्रश्नाला उत्तर धाडले होते ते पाहावे : जेथे टाक्यांचा काटेकोरपणा पाहतात तेथे रंगाचे धाडस पाठविले काय, की उलट ? मग छायाचित्र पाहावे, कारण परीक्षकांनी तेवढेच पाहिले. गोधडी सरळ टांगली होती काय, बाजूने येणाऱ्या प्रकाशात टाक्यांचा उठाव दिसतो काय, धरणाऱ्याची बोटे काठावर आली आहेत काय ? पुष्कळ नकार येथेच उलगडतात. शेवटी एक वाचक शोधावा. अमेरिकेतील पुष्कळ स्थानिक मंडळांच्या प्रदर्शनांत अशी चाल आहे की, परीक्षक गोधडीसमोर उभी राहून आपले मत बोलते, शेजारी बसलेली लेखनिका ते उतरून घेते, आणि तो कागद शिवणारीस मिळतो. त्यावर बहुधा 'गोट अधिक भरावा' एवढे रुक्ष वाक्य असते. आम्हांस ते वाक्य 'साभार परत'हून शतपटीने मोलाचे वाटते, कारण ते लिहिण्यासाठी कोणीतरी गोट बोटांनी चाचपून पाहिलेला असतो. असे बोट मिळेल त्या दाराशी जावे, आणि गोट खरोखरच पोकळ असेल तर रागावू नये.

निवड करणारांस सांगावयाचे ते याहून थोडे आहे. शेकडो प्रवेशिकांस सविस्तर उत्तरे देणे शक्य नसते, हे आम्ही जाणतो. या कचेरीतही ते शक्य होत नाही. पण जागा नव्हती तर 'जागा नव्हती' असे लिहिणे शक्य असते, आणि छायाचित्रापलीकडे काही पाहिले नसेल तर तसे लिहिणेही शक्य असते. योग्यता-अयोग्यतेचे शब्द ज्या कामासाठी घडले आहेत ते काम केल्याशिवाय ते वापरू नयेत. हा नियम आम्ही त्या संध्याकाळपासून स्वतःस लावून घेतला आहे. आमच्या पत्रांत 'साभार परत' अजून आहे. 'पात्र' हा शब्द मात्र आम्ही काढून टाकला आहे.

असो. ती म्हातारी पुन्हा भेटली नाही. तिच्या गोधडीवर आमच्याकडे जी टीका बाकी होती, ती वरच्या चार ओळींत उशिरा का होईना लिहिली आहे.